व्हॅक्यूममध्ये बसलेली सासू

"आली! आली! केसरवहिनी आली!"

कोकिळाआत्या किंचाळली आणि दादू तांडेलाच्या पडवीत दाटीवाटीनं उभी असलेली पन्नास-साठ माणसं एकदम मागं सरकली. सगळ्यांच्या मागं मी होते, म्हणून सगळ्यात जास्त पाय माझे तुडवले गेले.

पडवीच्या मधोमध पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी होती, समई होती, उदबत्तीचा धूर होता. फक्त पाटावर देव नव्हता, व्हॅक्यूम क्लीनर होता. त्याच्या पोटावर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटवलेली, नळीला झेंडूची माळ, आणि कमरेला लाल खण घट्ट गुंडाळलेला. आणि तो रडत होता. आधी साधी घरघर, मग आवाज चढत चढत इतका बारीक झाला की म्हातारी बाई रागानं तारस्वरात बोलतेय असं वाटावं. पाठोपाठ वास सुटला. तव्यावर भाजलेल्या जवळ्याचा, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीचा, खरपूस, खारट, ज्याला आमच्या गावात कुणी चुकणार नाही असा वास. मग खट् असा आवाज झाला आणि यंत्र गप्प.

पन्नास-साठ जणांनी हात जोडले. पंधरा वर्षं खोल समुद्रात जाणारा, वादळात एकट्यानं सुकाणू धरणारा रतन, त्यानंही डोक्यावरची टोपी काढली. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. मी तीस वर्षं याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. त्या पडवीतली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली, आणि रतनला तर मी विद्युत परिपथाच्या धड्यात दहापैकी आठ गुण दिले होते. ते परत घेता आले असते तर तिथल्या तिथं घेतले असते.

झालं होतं ते असं. दादू तांडेल म्हणजे आमच्या कोळीवाड्यातला जुना होडीवाला. वय सत्तर, बोलणं कमी. त्याची बायको केसर गणपतीनंतर वारली. केसरच्या दोन गोष्टी गावाला पाठ होत्या. एक, रोज दिवेलागणीला ती तव्यावर जवळा भाजायची आणि तो वास पार बंदरावर जायचा. दुसरी, दिवा लागल्यावर घरात झाडू हलवू द्यायची नाही. लक्ष्मी जाते म्हणे. जवळ्याचा एक दाणा सांडला तरी हातानं वेचायला लावायची, पाहुण्यालासुद्धा.

तिची सून तेजस्वी माणगावकडच्या भातशेतीवाल्या घरातली. दादूच्या मुलानं, कमलेशनं, प्रेमानं केलेली. मासळीच्या वाऱ्यावर पहिले सहा महिने तिचं नाक रुमालात होतं, ते कोळीवाड्यानं अजून माफ केलेलं नाही. पण पोरगी कामाची. घराच्या दोन खोल्या तिनं पर्यटकांसाठी काढल्या. पर्यटक येतात तेव्हा अर्धा किनारा पायाला लावून आणतात. ती वाळू झाडायची, धुळीनं तिला दम लागायचा, रात्रीपर्यंत छाती वाजायची. म्हणून दिवाळीत कमलेशनं हे यंत्र आणलं. त्यानंतर तिचा श्वासाचा पंप फडताळात धूळ खात पडला.

पर्यटक सूर्यास्त बघायला गेले की ती खोल्या साफ करायला घ्यायची. पंधरा दिवसांपूर्वी यंत्र ओरडायला लागलं. वीसेक मिनिटं चालायचं, किंचाळायचं, जवळ्याचा वास सोडायचं आणि बंद पडायचं. वेळ कुठली? बरोबर दिवेलागणीची. एकदा तर बंद पडलेलं यंत्र तसंच टाकून, बटण चालूच ठेवून, तेजस्वी पाहुण्यांना चहा द्यायला गेली. घरात कोकिळाआत्या एकटी भात जेवत बसलेली. कुणी हात न लावता यंत्र उठलं आणि गुरगुरायला लागलं. आत्या ताट टाकून जी पळाली ती सरळ मारुतीच्या देवळात.

कोकिळाआत्या दादूची विधवा बहीण. त्या घरात ती बोलेल ते कायदा. केसरवहिनी यंत्रात बसली हा शोध तिचा, आणि हितेश महाराजांना बोलावणंही तिचंच.

हे महाराज पस्तिशीचे. भगव्या कुर्त्याखाली जीन्स, मनगटात तीन गंडे आणि एक डिजिटल घड्याळ. त्यांच्या कार्डावर लिहिलं होतं: 'यंत्रबाधा निवारण. मिक्सर, मोटारपंप, फ्रिज, स्कूटी.' माणसांच्या अंगात येणारी भुतं आता जुनी झाली असावीत.

पहिल्या भेटीत त्यांनी यंत्र उलटं करून बुडावरची अक्षरं वाचली, डोळे मिटले आणि म्हणाले, "पिन काढा. आत्म्याला बाहेर जायला रस्ता द्या." मग चाळीस मिनिटं मंत्र. मग झोळीत काहीतरी ट्रिंग ट्रिंग वाजलं. महाराजांनी झोळीत हात घालून ते दाबलं आणि म्हणाले, "वरून सिग्नल मिळाला. आता लावा पिन." यंत्र सुरू झालं. गावानं जयजयकार केला. महाराजांनी त्याच्या कमरेला अभिमंत्रित लाल खण बांधला आणि तो सोडायचा नाही, यंत्राचं पोट उघडायचं नाही, अशी ताकीद दिली.

खण बांधल्यावर यंत्र वीस मिनिटांऐवजी चार मिनिटांत बंद पडायला लागलं. भर दुपारीसुद्धा. कुणाला वाटेल, उपाय फसला. छे! "बघा," महाराज म्हणाले, "आत्मा चिडला म्हणजे मंत्र लागू पडला." उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि म्हणून ही दुसरी बैठक, साठ माणसांची.

"देखो," महाराज आता सांगत होते, "आत्मा म्हणजे काय? एनर्जी. लाईट म्हणजे काय? एनर्जी. दोन एनर्जी एका वायरमध्ये घुसल्या तर लफडा होणार का नाही? म्हातारी मीटरमधून आली, मोटारीत बसली."

"मग लाईट गेली की कुठं जाते?" मी मागून विचारलं.

"इन्व्हर्टरवर," महाराज क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

"बाई, तुमी लांब बसा," कोकिळाआत्या माझ्यावर डाफरली. "तुमचा विश्वास न्हाय, त्याचा तिला राग येतो."

महाराजांनी डोळे उघडले. "एकच इलाज. यंत्र माझ्या मठात जमा करा. तिथं मी त्याला शांत करतो. गावातले तीन मिक्सर, एक पंप आणि सदूचा फ्रिज माझ्याकडेच शांत झालेत."

"परत कधी मिळणार?" तेजस्वीनं विचारलं.

"शांत झालेली वस्तू घरात परत आणत नाहीत, ताई."

"मग मी देणार नाही." ती पाटासमोर येऊन उभी राहिली. "ह्याच्यामुळे मला श्वास घेता येतो. बंद पडलंय तर मी दुरुस्त करून आणीन."

महाराजांचा चेहरा एका क्षणात बदलला. त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "मिळालं! दरवाजा मिळाला! आत्मा यंत्रात आला तो ह्या बाईमधून. दिवा लागल्यावर केर काढणारी कोण? हीच. सासूचं हिच्यावर मन नव्हतं. सव्वा महिना हिला माहेरी धाडा. नायतर पुढचा नंबर घरातल्या मर्दाचा. मुलगा कुठं असतो?"

"दर्यात," कोकिळाआत्या कुजबुजली. कमलेशची होडी चार दिवसांपूर्वी गेली होती. फोनला रेंज नव्हती.

बस्स. समुद्रावर गेलेल्या माणसाचं नाव निघालं की कोळीवाड्यात वाद संपतो. आत्या आत गेली आणि तेजस्वीच्या साड्या पिशवीत भरायला लागली. उद्या सकाळच्या एसटीनं माणगाव. असल्या सव्वा महिन्यांची मला माहिती आहे. तीन घरांत मी ते बघितलेत. एक पोरगी अजून परत आलेली नाही. तेजस्वी पडवीच्या खांबाला धरून उभी होती आणि तिची छाती वाजायला लागली होती. मला इतका संताप आला की हात झटकताना माझा चष्मा खाली पडला.

"थांबा!" मी पुढं घुसले. "यंत्र तापलं की आपोआप बंद पडतं. थंड झालं की चालू होतं. मंत्राचा काही संबंध नाही. सिद्ध करून दाखवते. आज कुणी मंत्र म्हणायचा नाही. कोकिळाताई, सगळ्यांना चहा टाका. गप्पा मारा. चाळीस मिनिटांनी बघू."

प्रयोग शास्त्रशुद्ध होता. खण सोडू नका म्हणाले, सोडला नाही. पिन काढली. चहा झाला. सुरमईचा भाव, सरपंचाच्या मेव्हण्याचं लग्न, श्रीवर्धनच्या सुपारीला लागलेली कीड, सगळं बोलून झालं. महाराजांनाही मी चहा दिला आणि तोंड बंद ठेवायला लावलं. बेचाळिसाव्या मिनिटाला पिन लावली. यंत्र घूंऽऽ करून सुरू झालं.

"बघा!" मी विजयानं म्हणाले. "मंत्राशिवाय!"

रतन हळूच म्हणाला, "केसरकाकीला चहा लय आवडायचा."

"व्हय व्हय! दिवसाला सहा कप!" कोकिळाआत्या म्हणाली. सगळ्यांचे चेहरे उजळले. दोन बायकांनी यंत्रासमोर कपबशी ठेवली, वर दोन खारी बिस्किटं. महाराजांनी माझ्याकडे बघून हात जोडले. माझं तीस वर्षांचं शिकवणं त्या बशीत बुडालं. चार मिनिटांनी यंत्र पुन्हा किंचाळलं, जवळ्याचा वास आला, खट्.

"चोक झालाय त्यो."

आवाज कोपऱ्यातून आला. दादू तांडेल. पंधरा दिवसांत त्या विषयावर त्यानं काढलेला हा पहिला शब्द. तो काठी टेकत उठला, यंत्रापाशी आला आणि रतनकडे वळला.

"रतन, होडीचं इंजिन थंड कोण ठेवतं?"

"दर्याचं पानी."

"पानी घेतं त्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसली तर?"

"इंजिन तापतं. आवाज बदलतो. बंद करावं लागतं."

"तवा भगत बोलवतस?"

"न्हाय, काका. पिशवी काढतो."

"मंग हितं काय बघत बसलाव? हे पानी न्हाय घेत, वारा घेतं. सोड त्यो खण. वारा जायची भोकं झाकलीव तुमी सगळ्यांनी मिळून."

मी वर्गात तापमान, अभिसरण, उष्णतारोधक असे शब्द वापरले होते. दादूनं प्लास्टिकची पिशवी वापरली. पडवीतल्या प्रत्येक पुरुषानं आयुष्यात कधी ना कधी बुडी मारून ती पिशवी काढलेली होती. माणसं पुढं सरकली. रतननं खण सोडला. खाली हवा बाहेर पडायची जाळी होती, हात लावला तर चटका बसत होता.

"पोट उघडू नका!" महाराज ओरडले. "स्फोट होईल!"

"पेचकस आण," दादू म्हणाला. घरातला पेचकस चपट्या तोंडाचा, यंत्राचे स्क्रू फुलीचे. कुणाकडेच नव्हता. तेव्हा पुढच्या रांगेत बसलेली सदूची बायको पूनम म्हणाली, "महाराजांच्या झोळीत हाय की. विभूती काढताना मी बघितला."

झोळी उलटी केली. विभूतीची पुडी पडली. मग फुलीचा पेचकस, टेस्टर, इन्शुलेशन टेपचं भेंडोळं, फ्यूजची तार, मोबाइल आणि मिक्सरचा एक जुना कार्बन ब्रश. मोबाइलवर गजर लावलेला होता, चाळीस मिनिटांचा.

"महाराज, तुम्ही आधी कुठं कामाला होतात?" मी विचारलं.

"सर्व्हिस सेंटरला," महाराज म्हणाले. मग जीभ चावून, "समाजाच्या."

रतननं पिन काढलेली आहे ना हे दोनदा बघून यंत्र उघडलं. कचऱ्याची डबी तेजस्वी रोज रिकामी करायची, ती स्वच्छ होती. पण तिच्या मागं एक फिल्टर असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तो बाहेर काढला तर वाळू, केस आणि ओलसर धूळ यांचा जाड थर बसलेला. शिवाय फिल्टर तिरका लागलेला होता. त्याच्या कडेच्या फटीतून आत गेलेला गुलाबी भुगा मोटारीच्या गरम भिंतीला चिकटून करपला होता. रतननं तो नखानं खरवडला आणि नाकाशी नेला.

"जवला," तो म्हणाला. "खरा जवला."

सगळ्यांनी तेजस्वीकडे बघितलं. जवळा यंत्रात घालणारी बाहेरची सून, दुसरी कोण? ती मान हलवत होती. "मी नाही. देवाशप्पथ मी नाही. मी सांडलेला कधी यंत्रानं उचलत नाही, आईंनी शिकवलंय, हातानं वेचते."

आणि मग कोकिळाआत्या मटकन खाली बसली. हातातली साड्यांची पिशवी तशीच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"मी केलं," ती रडत म्हणाली. "दुपारी ही झोपलेली. माझ्या हातनं जवल्याची टोपलीच उलटली. माझे गुडघे बघा, कुठं वेचत बसू? ते यंत्र लावलं आन् सगळा ओढून घेतला. मंग डबी उघडून झाडाखाली वतला. आतलं ते चाळणीसारखं पण निघालं हातात, तसंच परत कोंबलं. त्याच दिवसापासून वहिनी वास सोडायला लागली. मला वाटलं, माझ्यावरच चिडली हो ती. एक दाना वाया घालवू द्यायची न्हाय..."

कोकिळाआत्यानं आयुष्यात त्या यंत्राला बोट लावणार नाही अशी शपथ घेतली होती, त्यामुळे कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. आणि तिची भीती खोटी नव्हती. पंधरा दिवस ती बिचारी जवळ्यापायी थरथरत होती, आणि त्या भीतीत तिनं पोरीचं गाठोडं बांधलं होतं.

पूनमनं फिल्टर झटकला. रतननं नळीतून काठी घालून पर्यटकांच्या पोरानं सोडलेला एक मोजा काढला. मोटारीचा भुगा कोरड्या ब्रशनं साफ केला. फिल्टर सरळ बसवला. आता यंत्र लावलं तर आवाज खालच्या पट्टीतला, नीट. वीस मिनिटं झाली. तीस झाली. दिवा लागून तास उलटून गेलेला, आणि यंत्र रांगोळी, झेंडू आणि खारी बिस्किटांचा चुरा बिनबोभाट ओढत होतं. बंद पडलं नाही. वासही आला नाही.

महाराज मध्येच केव्हातरी उठले होते. त्यांना सदूनं फाटकापाशी अडवलं. सदूचा फ्रिज कुठं शांत झालाय, तो पत्ता त्याला हवा होता. तीन मिक्सरवाल्याही निघाल्या. सकाळी गाडी करून सगळे माणगावला गेले, आणि तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात 'उत्तम चालू स्थितीत' अशी पाटी लावलेला फ्रिज सदूनं दारावरच्या स्टिकरवरून ओळखला. पोलिसांत तक्रार झाली. मी साक्षीदार आहे, जादूटोणाविरोधी कायदा मी पंचांना वाचून दाखवला.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. गर्दी पांगल्यावर मी दादूवर चिडले. "तुम्हाला इंजिनाचा आवाज कळतो. पंधरा दिवस का नाही बोललात?"

दादू पायरीवर बसला होता. म्हणाला, "चोक झालाय ते मला पयल्याच दिवशी कळलं, बाई. पन सांजचा त्यो वास यायचा. मला वाटायचं, चुलीपाशी हाय ती. तिला जाऊन चार म्हयने झाले. मी कशाला बोलू?"

"मग आज?"

"पोरगी चालली होती." त्यानं डोळे पुसले. "आन् बाई, हे यंत्र केसरनंच आनायला लावलं. आजारात कमलेशला बोलली होती, पोरीला दम लागतो, तिच्या हातातला झाडू सोडव. ती कशी हिला माहेरी धाडायला येईल? मला ठावं होतं. तरी वासापायी गप बसलो. माझी चूक हाय."

तेजस्वी दारात उभी राहून ऐकत होती. ती सासऱ्याशेजारी पायरीवर येऊन बसली.

गेलेल्या माणसाचा वास घरात यावा असं कुणाला वाटत नाही? मलाही वाटतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या वाटण्याच्या जागेवर कुणी तिऱ्हाईत येऊन पाट मांडतो आणि घरातल्या जिवंत माणसाकडे बोट करतो, तेव्हा गप्प बसणं फार महाग पडतं.

म्हणून वाचकहो, साधं सांगते. घरातलं यंत्र बंद पडलं तर पिन काढा, थंड होऊ द्या, जाळी, नळी आणि फिल्टर साफ करा, वारा जायच्या भोकांवर काही बांधू नका. तरी नाही चाललं तर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. आणि कुणी सांगितलं की यंत्र उघडू नका, सुनेला घालवा, तर त्याच्यासमोर यंत्र उघडा आणि सुनेला घरात ठेवा. मूठभर जवळा आणि एक मोजा, एवढ्यासाठी आमच्या गावातून एक पोरगी जाणार होती.

तेजस्वी दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या वेळेला खोल्या साफ करत होती. मी मुद्दाम बघायला गेले होते.